नाव तेच, जागा वेगळी

गोसीखुर्द म्हटलं की धरण आठवतं. भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात, वैनगंगेवर. २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींनी पायाभरणी केली, २००९मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाखाली गावं उठली आणि नव्या गावठाणांत वसली, अनेकदा जुनंच नाव घेऊन. म्हणजे पत्ता तोच, ठिकाण भलतंच! इंटरनेटवरून मदतीसाठी फोन केला की नेमका हाच घोळ होतो.

लँडलाइनला ही भानगड नव्हती. तार एकाच घरात जायची, आणि एक्स्चेंजमध्ये नंबरापुढे घराचा पत्ता लिहिलेला असायचा. अमेरिकेत ९११ची सुरुवात १९६८मध्ये झाली, पुढे याच नोंदींवरून ऑपरेटरला पत्ता आपोआप दिसू लागला. मोबाइलने तार तोडली, तरी टॉवर कुठला ते कंपनीला कळतंच. व्हीओआयपीत मात्र नंबर म्हणजे निव्वळ लॉगिन. पुण्याचा नंबर पवनीतूनही चालतो. शिवाय आवाज नेणारी कंपनी एक आणि इंटरनेट देणारी दुसरीच.

याची किंमत लोकांनी मोजली. फेब्रुवारी २००५मध्ये ह्यूस्टनमध्ये घरात शिरलेल्या चोरांनी आईवडिलांवर गोळ्या झाडल्या. मुलीने इंटरनेट फोनवरून ९११ लावला, तर रेकॉर्डेड आवाज म्हणाला की इथून ९११ लागत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकी नियामकाने ही सोय सक्तीची केली. पण पत्ता कुठून आणायचा? तर ग्राहकाने स्वतः भरायचा. आता घर बदलल्यावर फॉर्म कोण बदलतो! एप्रिल २००८मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत दीड वर्षाचं बाळ दगावलं, कारण अँब्युलन्स हजारो किलोमीटर दूर, ओंटारिओतल्या जुन्या पत्त्यावर पाठवली गेली.

खरा उपाय म्हणजे ठिकाण माणसाला न विचारता नेटवर्कला विचारायचं. आयईटीएफने तसे प्रोटोकॉल बनवले. २००८चा 'लॉस्ट' ठिकाणावरून योग्य मदतकेंद्र शोधतो, २०१०चा 'हेल्ड' ज्या नेटवर्कला आपण जोडलेले आहोत त्यालाच आपलं ठिकाण विचारतो. कागदावर सुरेख आहे, पण प्रत्येक इंटरनेट कंपनीने ते बसवायला हवं, आणि घोडं तिथंच अडतं.

आपल्याकडे ट्रायने ऑक्टोबर २०१७च्या शिफारशींत इंटरनेट टेलिफोनीला आणीबाणीच्या कॉलची सक्ती नको म्हटलं, फक्त ग्राहकाला तशी स्पष्ट कल्पना द्या. महाराष्ट्रात २०२१पासून ११२चे कॉल नवी मुंबई आणि नागपूरच्या केंद्रांत जातात. तिथल्या ऑपरेटरला खुर्द कुठलं, बुद्रुक कुठलं, जुनं गावठाण की नवं, हे कसं कळणार? ठाण्यातल्या हवालदाराला ते तोंडपाठ असतं. आणि प्रश्न पुस्तकी नाही. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले होते, भंडारा शहरात पाणी शिरलं होतं.

थोडक्यात काय, तर पत्ता म्हणजे आपण कधीतरी कुठे होतो याची नोंद. म्हणून मंडळी, वेळ आलीच तर व्हॉट्सअ‍ॅपच्या नादी लागू नका, त्यावरून ११२ लागतच नाही. साध्या फोनने लावा, आणि तालुका, गाव, जवळची खूण आधी सांगा. गावी आईबाबा असतील तर त्यांनाही आजच सांगून ठेवा.