लोणारचं खारं पाणी आणि गावाचं सांडपाणी

कनेरगाव नाका म्हणजे हिंगोली-वाशीमची हद्द. जुन्या काळी अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड. त्याच वऱ्हाडात, वाशीमच्या पुढे, लोणारचं सरोवर आहे. अबुल फजलच्या 'ऐन-ई-अकबरी'त त्याची नोंद येते ती क्षारासाठी. काच आणि साबणाला लागणारा माल इथे निघे. म्हणजे तळ्याची किंमत त्याच्या खारेपणात आहे, हे चारशे वर्षांपूर्वीच ठाऊक होतं.

आता गाव कुठे वसलंय बघा. थेट विवराच्या काठावर. पाणी डोक्यावरून आणायचं तेव्हा जपून वापरलं जाई. नळ घरात आले, सांडपाणी वाढलं, आणि उताराने खाली तळ्यात जाऊ लागलं. २००९ साली हे प्रकरण जनहित याचिका म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं (ते क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, त्याचा दोष सांडपाण्याला देऊ नका), नोव्हेंबरात सरोवर रामसर यादीत आलं.

पण मंडळी, इथे नुसतं शुद्धीकरण केंद्र बांधून भागत नाही. शुद्ध केलेलं पाणीही गोडंच. ते तळ्यात सोडलं की क्षार पातळ होतो, आणि तिथली सृष्टी तर क्षारावरच जगते. म्हणजे पाणी बाहेर शेतांकडेच न्यायला हवं. विवराची कड भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच, म्हणून आतल्या उतारावरचं पाणी उपसावं लागणार. उपसा म्हटलं की पंप आला, वीजबिल आलं. आणि लाईट गेली की नाला आपल्या जुन्या वाटेने उतरणार.