रझाकार संघटना आणि इस्लामी राजकीय चळवळींचे वैविध्य

इस्लामी राजकीय चळवळींचा विचार करताना त्या सर्वांना एकाच नावाखाली गोळा करण्याची प्रवृत्ती अभ्यासकांतही आढळते. ती कितपत ग्राह्य आहे, हे पडताळण्यास सोलापूरच्या सीमेला भिडलेल्या जुन्या निजामी मुलखाचा इतिहास विशेष उपयुक्त ठरतो.

१९२७ साली हैदराबादेत स्थापन झालेली मजलिसे इत्तेहादुल मुसलमीन ही संस्था प्रारंभी मुस्लिमांतील पंथोपपंथांचे ऐक्य साधू पाहणारी होती. १९३८ नंतर बहादूर यार जंग यांच्या नेतृत्वाखाली तिला राजकीय रूप आले. राज्याचे सार्वभौमत्व मुस्लिम समाजाच्या ठायी असून निजाम हा केवळ त्याचे प्रतीक होय, असा सिद्धान्त तिने मांडला. प्रजा बहुसंख्येने हिंदू असलेल्या राज्यात या सिद्धान्ताचा परिणाम उघड होता. १९४४ मध्ये बहादूर यार जंग निवर्तले व १९४६ मध्ये लातूरचे वकील कासिम रझवी यांच्याकडे नेतृत्व आले. ‘रझाकार’ या शब्दाचा मूळ अर्थ स्वेच्छेने कार्य करणारा, म्हणजे स्वयंसेवक. मराठवाड्याच्या बोलीत मात्र तो अल्पावधीतच जुलूम व लूट यांचा वाचक बनला. हा अर्थबदल हाही एक ऐतिहासिक पुरावाच होय. रझाकारांच्या दहशतीमुळे असंख्य कुटुंबांनी सोलापूरसारख्या सीमेवरील भागात आश्रय घेतला.

तथापि या दहशतीचा उगम केवळ धर्मश्रद्धेत शोधणे युक्त होणार नाही. रझाकारांच्या अत्याचारांचा निषेध करणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान हे स्वतः मुस्लिम होते, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचीच हत्या झाली. सत्ता जाण्याचे भय, कायद्याबाहेरील सशस्त्र संघटना आणि तिला लाभलेले राज्याचे अभय या तिन्हींच्या संयोगातून ती दहशत निर्माण झाली होती.

याच मुलखात, औरंगाबादेत, १९०३ साली जन्मलेले अबुल आला मौदूदी यांची वाट निराळी होती. १९४१ साली लाहोरास त्यांनी जमाते इस्लामीची स्थापना केली. त्यांना मुस्लिमांचे राष्ट्र नव्हे, तर शरियतवर आधारलेले राज्य अभिप्रेत होते. म्हणूनच मुस्लिम लीगच्या राष्ट्रवादावर त्यांनी टीका केली. याउलट जमियते उलेमा-ए-हिंदचे हुसेन अहमद मदनी यांनी १९३८ साली संमिश्र राष्ट्रवादाचा पुरस्कार केला आणि पुढे फाळणीस विरोध केला. तबलीगी जमातीने तर राजकारणच वर्ज्य मानले. धर्मग्रंथ एक असूनही निष्कर्ष चार!

मौदूदींच्या विचारांचा पुढील दहशतवादाशी असलेला संबंधही सरळ नाही. शासनाने अधिकृत घोषणा केल्याखेरीज काश्मीरमधील लढ्यास जिहाद म्हणता येणार नाही, असे मत त्यांनी १९४८ मध्ये मांडले व त्यामुळे पाकिस्तानात मोठे वादळ उठले. ईश्वरी सार्वभौमत्वाची त्यांची कल्पना इजिप्तच्या सय्यद कुत्ब यांनी अधिक उग्र केली. कुत्ब यांना १९६६ मध्ये फाशी झाली. अफगाणयुद्धाच्या काळात, १९८० नंतरच्या दशकात, अब्दुल्ला अज्जाम यांनी जिहाद हे प्रत्येक व्यक्तीचे कर्तव्य ठरविले. शासनाच्या अनुज्ञेची अट अशा रीतीने गळून पडली आणि देशोदेशींच्या सशस्त्र गटांना मोकळीक मिळाली. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईत १६६ जणांचे प्राण घेणारा हल्ला अशाच एका गटाचे, लष्करे तोयबाचे, कृत्य होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत देवबंदच्या उलेमांनी दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचे घोषित केले होते, हेही ध्यानी घेतले पाहिजे.

हा भेद जाणणे हा केवळ विद्वत्तेचा प्रश्न नव्हे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना सोलापूरहून निघाली, त्याच दिवशी तिने नळदुर्ग घेतला, आणि पाच दिवसांत निजामाची राजवट कोसळली. त्यानंतर रझाकारांच्या अपराधांचे प्रायश्चित्त अनेक निरपराध मुस्लिम खेडुतांना भोगावे लागले. पंडित सुंदरलाल समितीच्या अंदाजानुसार पोलीस कारवाईच्या काळात व नंतर किमान २७,००० ते ४०,००० लोक मृत्युमुखी पडले. सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश होता. संघटना व समाज यांतील सीमारेषा पुसली गेली म्हणजे काय घडते, याचा याहून विदारक दाखला नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने ती रेषा प्रत्येक ठिकाणी नव्याने आखली पाहिजे.