जावामधलं 'एक्सेप्शन हँडलिंग' म्हणजे काय? ते नसेल तर काय होतं?

4 जून 1996. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून युरोपचं एरियन-5 रॉकेट पहिल्यांदाच झेपावलं आणि साधारण 40 सेकंदांत हवेतच नष्ट झालं. सोबत चार उपग्रहही गेले. इंजिन ठीक होतं. घोटाळा सॉफ्टवेअरमध्ये होता.

रॉकेटच्या आडव्या वेगाशी संबंधित एक मोठी संख्या 16 बिटच्या जागेत बसवायचा प्रयत्न झाला. तिथे 32,767 पेक्षा मोठी संख्या मावत नाही. 'एक्सेप्शन' आलं, पण ते हाताळणारा कोड तिथे नव्हता. दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली. बॅकअपमध्येही तेच सॉफ्टवेअर असल्याने तीही वाचली नाही.

ते सॉफ्टवेअर एडा भाषेत होतं. पण जावा शिकताना भेटणारं एक्सेप्शन याच जातीचं.

एक्सेप्शन म्हणजे काय?

प्रोग्रॅम चालू असताना आलेली अडचण. फाइल जागेवर नाही, नेट गेलं, वयाच्या रकान्यात कुणी 'पंचवीस' असं अक्षरांत लिहिलं. सेमीकोलन विसरणं यात येत नाही, ते कंपायलर आधीच पकडतो.

अशा वेळी जावा अडचणीची माहिती असलेलं एक ऑब्जेक्ट 'फेकते'. ते एका मेथडकडून तिला बोलावणाऱ्या मेथडकडे, असं वर वर जातं. कुणीच झेललं नाही, तर साधा प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि स्क्रीनवर चुकीची लांबलचक यादी दिसते.

पाच शब्द लक्षात ठेवा

• ट्राय: जिथे गडबड होऊ शकते तो कोड यात लिहायचा.
• कॅच: गडबड झालीच तर काय करायचं, ते इथे.
• फायनली: गडबड होवो न होवो, शेवटची आवराआवर. उदाहरणार्थ, फाइल बंद करणं.
• थ्रो: आपण स्वतः एक्सेप्शन फेकणं.
• थ्रोज: 'माझ्याकडून हे एक्सेप्शन येऊ शकतं', अशी मेथडने दिलेली पूर्वसूचना.

चेक्ड आणि अनचेक्ड

फाइल न सापडण्यासारखी एक्सेप्शन 'चेक्ड' असतात. ती झेला किंवा थ्रोज लिहा, नाहीतर कोड कंपाइलच होत नाही. पूर्णांकाला शून्याने भागणं किंवा ॲरेच्या हद्दीबाहेर जाणं ही 'अनचेक्ड'. इथे सक्ती नाही, कारण ती बहुधा आपल्याच कोडमधली चूक असते. ती झेलण्यापेक्षा दुरुस्त करावी.

सगळ्यात वाईट सवय

कॅच लिहायचं आणि आत काहीच लिहायचं नाही. प्रोग्रॅम चालू राहतो, पण चूक कुठे झाली हे कुणालाच कळत नाही. निदान तिची नोंद तरी करा.

आणि एक सावधगिरी. जावात 40,000 ही संख्या जबरदस्तीने 16 बिटच्या 'शॉर्ट' प्रकारात कोंबली, तर एक्सेप्शन येतच नाही. गुपचूप उणे 25,536 मिळतात आणि हिशोब पुढे चालू राहतो. म्हणून मर्यादा आधी तपासा आणि संख्या मावत नसेल तर स्वतः एक्सेप्शन फेका. मात्र ते कोण झेलणार आणि झेलल्यावर काय करणार, हेही तेव्हाच ठरवा. एरियन-5 मध्ये नेमकं तेच राहून गेलं होतं.