गांधी, कनू
गांधी, कनू : (१९१७–१९८६). म. गांधींच्या आयुष्यातील अखेरच्या दशकाचे छायाचित्रकार. त्यांचे वडील नारणदास गांधी हे म. गांधींचे चुलत पुतणे असून साबरमती आश्रमाची व्यवस्था काही काळ त्यांच्याकडे होती. वर्ध्यातील मगनवाडी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते मगनलाल गांधी हे कनूंचे चुलते होत. नामसादृश्यामुळे एक घोटाळा मात्र वारंवार होतो. जुहूच्या किनाऱ्यावर म. गांधींची काठी पुढून ओढीत चाललेल्या लहान मुलाचे १९३७ मधील छायाचित्र सर्वपरिचित आहे. तो मुलगा म्हणजे रामदास गांधींचे चिरंजीव कनू. प्रस्तुत छायाचित्रकार त्या वेळी वीस वर्षांचे होते.

३० एप्रिल १९३६ रोजी म. गांधी वर्ध्यानजीकच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. १९४० मध्ये या गावास सेवाग्राम हे नाव मिळाले. नागपूरपासून सुमारे ७५ किमी. अंतरावरील हे खेडे पुढे काही वर्षे देशाच्या राजकारणाचे केंद्र बनले. कनू तेथे म. गांधींच्या सेवकवर्गात दाखल झाले. पत्रव्यवहार व हिशेब सांभाळणे हे त्यांचे मुख्य काम. छायाचित्रणाची ओढ त्यांना विनोबा भावे यांचे बंधू शिवाजी भावे यांच्यामुळे लागली. आश्रमाजवळ कॅमेऱ्यासाठी पैसा नव्हता. कनूंचा आग्रह टिकून राहिला, तेव्हा म. गांधींच्या सांगण्यावरून घनश्यामदास बिर्ला यांनी १०० रुपये दिले व त्यांतून रोलिफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. म. गांधींनी तीन अटी घातल्या : फ्लॅशचा दिवा वापरावयाचा नाही, छायाचित्रासाठी आपणास बसावयास वा वळावयास सांगावयाचे नाही आणि या छंदाचा भार आश्रमावर पडू द्यावयाचा नाही. तिसरी अट पाळण्यासाठी ‘वंदे मातरम्’ या वृत्तपत्राचे अमृतलाल गांधी यांच्याकडून मिळणारे दरमहा १०० रुपये व छायाचित्रांची विक्री एवढाच आधार कनूंना होता.

या अटी वरवर पाहता अडचणीच्या. परंतु कनूंची शैली त्यांतूनच घडली, असे म्हणावे लागेल. रोलिफ्लेक्स डोळ्याशी धरावयाचा नसतो. तो छातीशी वा कमरेशी धरून वरून काचेत पाहावयाचे असते. त्यामुळे छायाचित्रकाराचा चेहरा यंत्राआड जात नाही आणि जमिनीवर बसलेल्या माणसाकडे कॅमेरा उंचावरून रोखला जात नाही. त्याच्या शटरचा आवाजही अगदी मंद. एका फिल्मवर बाराच चौकोनी निगेटिव्ह मिळत असल्याने उधळपट्टीस वाव नव्हता. मातीच्या भिंती व उतरते छप्पर असलेल्या कुटीतील अंधूक उजेडात शटर अधिक वेळ उघडे ठेवणे भाग पडे. परिणामी काही छायाचित्रांत हलणारा हात पुसट झाला आहे, काहींत अर्धा चेहरा काळोखात बुडाला आहे. सराईत व्यावसायिकाने अशी छायाचित्रे बाद ठरविली असती. आज मात्र त्यांतच त्या खोलीतील प्रकाशाची आणि त्या दिवसाची खूण पटते.

परदेशी वार्ताचित्रकारांच्या कामाशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. अमेरिकन छायाचित्रकर्त्री मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ मध्ये पुण्यात घेतलेले, चरख्याआड बसलेल्या म. गांधींचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. त्यासाठी त्यांना आधी चरखा चालविण्यास शिकावे लागले व फ्लॅशचे केवळ तीनच दिवे उडविण्याची परवानगी मिळाली. त्यांच्या छायाचित्रात एक प्रतीक सिद्ध झाले आहे. कनूंच्या संग्रहात तितके रेखीव प्रतीक क्वचितच आढळते. वजनकाट्यावर उभे असलेले गांधीजी (बिर्ला भवन, मुंबई, १९४५), रेल्वेच्या डब्यातून हरिजन निधीसाठी बाहेर पसरलेला हात, शांतिनिकेतनात रवींद्रनाथ ठाकुरांसमवेत १९४० मध्ये झालेली भेट, अशी दिनक्रमातून उचललेली दृश्ये त्यात आहेत. कस्तुरबांची छायाचित्रे विशेष मोलाची होत, कारण अन्य छायाचित्रकारांचे लक्ष त्यांच्याकडे सहसा वळत नसे.

जवळीक असली, तरी सर्वच प्रसंग टिपण्याची मुभा नव्हती. १९४४ च्या प्रारंभी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबांच्या शुश्रूषेसाठी कनूंना तेथे राहू देण्यात आले. २२ फेब्रुवारी रोजी कस्तुरबांनी म. गांधींच्या मांडीवर प्राण सोडला. त्या अंतिम क्षणांचे छायाचित्र घेण्यास म. गांधींनी कनूंना मनाई केली आणि त्यांनी ती पाळली.

नोव्हेंबर १९४६ मध्ये म. गांधी दंगलग्रस्त नोआखालीत गेले. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना निरनिराळ्या खेड्यांत एकेकटे ठेवले. कनू व त्यांच्या पत्नी आभा यांनाही वेगवेगळी गावे नेमून दिली. मार्च १९४७ मध्ये म. गांधी बिहारला गेले, पण कनू नोआखालीतच काम करीत राहिले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत हत्या झाली, त्या वेळी आभा म. गांधींना आधार देत प्रार्थनास्थळी चालल्या होत्या. कनू मात्र शेकडो मैल दूर होते. एका माणसाच्या दहा वर्षांच्या दिनचर्येचा असा चित्रमय दप्तरखाना दुसऱ्या कोणाजवळ नव्हता आणि त्याचे शेवटचे पान त्यात नाही.

पुढे हे दांपत्य राजकोटजवळ त्रंबा येथे स्थायिक झाले. १९३९ च्या राजकोट सत्याग्रहात कस्तुरबांना जेथे स्थानबद्ध केले होते, तेथेच कस्तुरबाधाम या ग्रामसेवाकेंद्राचे काम त्यांनी केले. कनूंची छायाचित्रे या काळात ग्रंथांतून व वृत्तपत्रांतून सर्वत्र छापली जात होती, पण बहुधा त्यांच्या नावाविनाच. दिल्लीच्या नझर फाउंडेशनने ‘कनूज गांधी’ हा त्यांच्या निवडक छायाचित्रांचा संग्रह २०१५ मध्ये प्रसिद्ध केला.