टोपली आणि कुंपण



विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास सांगण्यास कामगार संघटनेचा माणूस कशाला उभा राहिला, असे आपणांस वाटेल. माझे शालेय शिक्षण सातवीत थांबले. पुढे जिनिंगमध्ये हमाली करीत असता एका महाविद्यालयाच्या कुंपणाबाहेरून मी हा खेळ प्रथम पाहिला. एकदा चेंडू बाहेर आला. मी तो आत टाकला आणि पहारेकऱ्याने मला हाकलून दिले. तेव्हापासून कोणत्याही संघाची नामावली वाचताना कुंपणाबाहेर कोण राहिले, हे मी शोधू लागतो.

हा खेळ 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जन्मला. हिवाळ्यात बंद दालनात खेळता येईल असे काहीतरी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाला हवे होते. त्याने फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि अठरा विद्यार्थ्यांचे दोन संघ केले. खर्च म्हणाल तर दोन टोपल्यांचा!

1898 साली नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेला. तेथील पुरुष संघाचा पहिला मार्गदर्शक तोच. 1907 पर्यंत त्याच्या संघाने 55 सामने जिंकले व 60 गमावले. गंमत अशी की, त्या विद्यापीठाच्या मार्गदर्शकांत जयांपेक्षा पराजय अधिक असणारा एकटा खेळाचा जनकच आहे! त्याचा शिष्य फॉग ॲलन याने मात्र 1952 साली विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले.

येथवरची हकीकत झाली कुंपणाच्या आतली. 1933 साली जॉन मॅकलेंडन हा कृष्णवर्णीय तरुण त्याच विद्यापीठात शिकावयास आला. नेस्मिथने त्याला आपल्या मार्गदर्शनाखाली घेतले, खेळाचे शास्त्र शिकविले. परंतु विद्यापीठाच्या संघाचे दार वर्णभेदामुळे त्याला बंद होते. खेळाच्या जनकापाशी शिकलेला हा विद्यार्थी 1936 साली पदवीधर झाला तो संघातून एकही सामना न खेळता. पुढे मार्गदर्शक म्हणून त्याने टेनेसीतील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाला 1957, 1958 आणि 1959 अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. गुण नव्हता म्हणून त्याला बाहेर ठेवले, असे आता कोण म्हणेल?

त्याच 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथम समावेश झाला. अंतिम सामना उघड्या मैदानावर, पावसाच्या चिखलात झाला. अमेरिकेने कॅनडावर 19-8 असा विजय मिळविला. आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने याच बर्लिनमध्ये आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. मंडळ 1914 सालचे. म्हणजे वऱ्हाडच्या आखाड्यातील पोरेही त्या सोहळ्याला परकी नव्हती.

आता मुंबईत येऊ. नागपाडा ही दाट कामकरी वस्ती. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी 1927 साली तेथे शेजारसेवेचे केंद्र उभारले. कामगार कल्याण अधिकारी घडविणारी, आजची टाटा समाजविज्ञान संस्था 1936 साली याच इमारतीत सुरू झाली. त्या अधिकाऱ्यांशी आम्हां संघटनावाल्यांचे वाद पुष्कळ होतात. पण त्या वस्तीचे ऋण मी मानतो. नागपाड्यात बास्केटबॉल गल्लीतल्या पोरांचा झाला. चाळीतून उतरावे आणि खेळावे. प्रवेशपत्र नको, फी नको. अब्बास मुंतसिर हा त्याच वस्तीतला. तो भारताचा कर्णधार झाला आणि 1970 साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

विद्यापीठे निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ कोणी करू नये. कॅन्ससने खेळाला शिस्त दिली, शास्त्र दिले, पुढे आपले दारही उघडले. 1955 साली विल्ट चेंबरलेनसारखा कृष्णवर्णीय महारथी तेथेच शिकावयास आला. परंतु मॅकलेंडनची ती तीन वर्षे त्याला कोणी परत दिली नाहीत. खेळाडूच्या अंगातले बळ थोडीच वर्षे टिकते. त्याला 'पुढे पाहू' असे सांगणे म्हणजे नकारच होय.

म्हणून कळंबकरांना माझी एकच विनंती आहे. शाळा सुटल्यावर आपल्या गावातील मैदानांच्या किल्ल्या कोणापाशी असतात, हे उद्या सकाळी विचारून या. आणि शेतातून, जिनिंगमधून संध्याकाळी परतणाऱ्या पोरासाठी ते कुलूप तासभर तरी उघडेल काय, हेही विचारा.