इंजिन बंद पडलं, तरी प्रवास ‘मोटरचा’ म्हणायचा का?

16 मे 1903 रोजी जॉर्ज वायमन मोटर लावलेल्या सायकलवरून सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि 6 जुलैला न्यूयॉर्कला पोचला. इंजिनाच्या वाहनाने अमेरिका आरपार ओलांडणारा पहिला माणूस, अशी त्याची ओळख. पण ऑल्बनी ते न्यूयॉर्क हे शेवटचे सुमारे 240 किलोमीटर त्याने चक्क पॅडल मारत कापले! मग विक्रम मोटरचा की पायांचा?

आधी यंत्र समजून घेऊ. सायकलच्या फ्रेममध्ये बसवलेलं साधारण 200 सीसीचं, जेमतेम दीड अश्वशक्तीचं इंजिन. त्याची ताकद चामड्याच्या पट्ट्याने मागच्या चाकाकडे जायची, पायांची ताकद साखळीने. म्हणजे एकाच चाकाकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटा. एक बंद पडली तरी दुसरी चालू. पट्टा काढला की बंद इंजिनाचं ओझंही पायांवर येत नाही.

आता बिघाड बघू. ते सगळे एकाच जातीचे नव्हते.

पहिला, पट्ट्याचा. चामडं ताणलं की ढिलं पडतं, भिजलं की घसरतं. त्यात पश्चिमेकडचे रस्ते इतके वाईट की वायमन बऱ्याच ठिकाणी रेल्वेच्या स्लीपरवरून गाडी हाकत होता. हा बिघाड वारंवार व्हायचा, पण वाटेतच दुरुस्त व्हायचा.

दुसरा, क्रँकचा. इलिनॉयमधल्या ऑरोराजवळ क्रँक तुटला. हे काही रस्त्यात जोडता येण्यासारखं नव्हतं. तो पॅडल मारत शिकागोला गेला आणि नव्या क्रँकसाठी पाच दिवस थांबला.

तिसरा, शेवटचा. इंजिनाची ताकदच गेली. मुक्काम जवळ आलेला, म्हणून त्याने दुरुस्तीचा नाद सोडला.

दुरुस्त करा, थांबा किंवा त्याच्याशिवाय पुढे जा. प्रयोगशाळेत उपकरण बंद पडलं तर आपल्याकडे तरी चौथा पर्याय कुठे असतो?

आता मूळ प्रश्न. एकूण प्रवास सुमारे 6100 किलोमीटर. त्यातले शेवटचे 240 म्हणजे साधारण 4 टक्के. ‘सगळं अंतर इंजिनाने’ अशी व्याख्या केली तर विक्रम उडाला. ‘इंजिन असलेलं वाहन या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर’ अशी केली तर टिकला. आकडे तेच, निष्कर्ष उलटा. आणि याला वजन आहे, कारण होरेशिओ जॅक्सनची मोटारगाडी न्यूयॉर्कला पोचली ती 26 जुलैला, म्हणजे 20 दिवसांनी. वायमनला बाद केलं तर पहिला मान जॅक्सनकडे जातो. पण त्याची गाडीही वाटेत बिघडली, सुट्या भागांसाठी थांबली. फरक एवढाच की मोटारगाडीला पॅडल नसतात, आणि सोबत एक मेकॅनिक होता.

हा बिघाडांचा हिशेब आपल्याला मिळतो कुठून? वायमनने स्वतः ‘द मोटरसायकल मॅगझिन’मध्ये लिहिलेल्या लेखमालेतून. मोटरसायकलींसाठीच निघणाऱ्या नियतकालिकातही यंत्राचे बिघाड छापले गेले, ही गोष्ट त्या साधनाची विश्वासार्हता वाढवते. अर्थात, न सांगितलेलंही काही असू शकतं, हे गृहीत धरूनच वाचायचं.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा दोन गोष्टी करा. ‘यशस्वी’ म्हणजे काय, हे आकडे हातात येण्याआधी लिहून ठेवा. आणि नोंदवहीतून बिघाडाचं पान फाडू नका. वायमनच्या प्रवासाचं मोल आज ठरवता येतं, ते त्याने ती पानं ठेवली म्हणूनच.