दोन ओळींमधलं शिसं

ई-रीडरसाठी मराठी पुस्तक तयार करताना मी आधी ओळींमधलं अंतर बघते. ते अक्षराच्या १.२ पट ठेवलं, तर वरच्या ओळीतल्या ‘द्रू’चं शेपूट खालच्या ‘र्थी’च्या रफाराला जाऊन भिडतं. १.६ केलं की पान श्वास घेतं.

छापखान्यात हे काम शिसं करी. जुळारी अक्षरांच्या खिळ्यांची एक ओळ भरली की शिशाची पातळ पट्टी सरकवी, मग पुढची ओळ. पट्टी खिळ्यांहून बुटकी, त्यामुळे तिला शाई लागत नसे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याची संस्कृत पुस्तकं बघा, किती देखणी! कागद वाचवायचा तर याच पट्ट्या निघत. पडद्यावर कागद कुठला? तरी दाटीवाटीच्या ओळी दिसल्या की मला राग येतो. अंतर पिक्सेलमध्ये बांधू नका, अक्षराच्या पटीतच द्या. वाचकाने टाइप वाढवला की तेही वाढतं.